वॉलेस हरला, आता बॅटल फ्रंटियर: पोकेमॉन एमराल्डमधलं पहिलं सिंबल मिळवताना

पोकेमॉन एमराल्डमध्ये चॅम्पियन वॉलेसला हरवून टीम हॉल ऑफ फेममध्ये लागली की बरेच जण गेम कपाटात टाकतात. त्यांचं अर्धं एमराल्ड खेळायचं राहून जातं. होएन, म्हणजे गेममधला प्रदेश, त्याच्या समुद्रात बॅटल फ्रंटियर नावाचं बेट आहे. तिथे सात इमारती आहेत, सातांचे नियम वेगळे आणि प्रत्येक इमारतीचा एक प्रमुख. या प्रमुखांना फ्रंटियर ब्रेन म्हणतात. प्रत्येकाला दोनदा हरवायचं: पहिल्या विजयाला चांदीचं सिंबल, दुसऱ्याला सोन्याचं. मुख्य कथेत जे जमून गेलं त्यातलं फारसं काही इथे चालत नाही, आणि म्हणूनच मला हा भाग संपूर्ण गेमपेक्षा मोलाचा वाटतो.

एमराल्ड जपानमध्ये २००४ साली आला आणि इंग्रजीत २००५ साली. रत्नागिरी-सिंधुदुर्गात जुने गेम बॉय अॅडव्हान्स (हातात धरून खेळायचं मशीन) अजूनही काही घरांत सापडतात. आखातातून आलेल्या काकांनी आणलेले असतात, नाहीतर मुंबईच्या भावंडांनी वापरून पाठवलेले. जून-जुलैमध्ये लाइट गेलेली, रेंज नाही, बाहेर पावसाची झड लागलेली, अशा दिवसांत या गेमला इंटरनेट लागत नाही ही फार मोठी सोय आहे. जे पहिल्यांदाच फ्रंटियरकडे निघालेत त्यांच्यासाठी, कुठून सुरुवात करायची ते क्रमाने सांगतो.

आधी कार्ट्रिज आणि बॅटरी

फ्रंटियरमध्ये सलग जिंकत जावं लागतं. मध्येच मशीन बंद पडलं तर सगळी मालिका जाते. म्हणून हे काम पहिलं.

आपल्याकडची खारी, दमट हवा कार्ट्रिजच्या धातूच्या पट्ट्यांना काळपटपणा आणते. कापसाच्या काडीवर थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पट्ट्या हलक्या हाताने पुसा, पूर्ण वाळू द्या, मगच मशीनमध्ये घाला. तोंडाने फुंकर मारू नका, थुंकीची ओल आत जाते. पावसाळ्यात कार्ट्रिज घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुडीसोबत ठेवा.

कार्ट्रिज खरी आहे का तेही पाहून घ्या. खरी एमराल्ड कार्ट्रिज हिरवी आणि अर्धपारदर्शक असते, आणि समोरच्या लेबलवर दोन आकड्यांचा बारीक ठसा दाबलेला असतो. बाजारात नकली खूप आहेत, आणि त्यांत नेमका मोठ्या मेहनतीनंतर सेव्ह उडण्याचा धोका असतो. गेम सुरू करताना आतली बॅटरी संपल्याचा संदेश आला तर मात्र घाबरू नका. ती बॅटरी फक्त घड्याळासाठी आहे. सेव्ह फ्लॅश मेमरीत राहतो, तो जात नाही. बेरी वाढणं आणि भरती-ओहोटी या घड्याळावरच्या गोष्टी तेवढ्या थांबतात.

गेम बॉय अॅडव्हान्स एसपीचा हिरवा दिवा लाल झाला की बॅटरी संपत आली. फ्रंटियरमध्ये प्रत्येक लढाईनंतर पुढे जायचं की थांबायचं असं विचारतात. तिथे रेस्टचा पर्याय निवडला की गेम सेव्ह होऊन बंद होतो आणि पुढच्या वेळी त्याच जागेवरून सुरू होतो. रेस्ट न घेता मशीन बंद केलं तर ती हार धरली जाते. दिवा लाल झाला की चालू लढाई संपवा आणि रेस्ट घ्या.

जहाज पकडण्याआधी

चॅम्पियन झाल्यावर लिटलरूटच्या घरी जा. बाबा, म्हणजे नॉर्मन, एस. एस. टायडलचं तिकीट देतात. तिथेच टीव्हीवर बातमी लागते आणि उडणाऱ्या पोकेमॉनचा रंग कोणता होता असं विचारलं जातं. निळा म्हणा. म्हणजे होएनभर लॅटिऑस फिरायला लागेल. लाल म्हटलात तर लॅटियास. इथे लॅटिऑस हवा आहे.

जहाज स्लेटपोर्ट किंवा लिलीकोव्हहून सुटतं. चढल्यावर घाईने केबिनमध्ये झोपून टाकू नका. जहाजावरच्या कचऱ्याच्या डब्यात लेफ्टओव्हर्स आहेत. दर फेरीला थोडी एचपी, म्हणजे पोकेमॉनची ताकद, परत देणारी ही वस्तू फ्रंटियरच्या दुकानात ४८ बॅटल पॉइंटला (तिथे जिंकून मिळणारे गुण) मिळते, इथे फुकट आहे.

मीटिअर फॉल्सच्या आत खोलवर कथेत भेटलेला स्टीव्हन उभा असतो. त्याच्या टीमची लेव्हल ७५ ते ७८, आणि ७८ वाला त्याचा मेटाग्रॉस. त्याच्याशी लढताना पिशवीतली औषधं वापरता येतात, त्यामुळे ही लढाई जुन्याच पद्धतीची आहे. स्वॅम्पर्ट (मडकिपचं शेवटचं रूप) असेल तर क्रॅडिली आणि सोलरबीम मारणाऱ्या अॅग्रॉनपासून जपा, गवताचा मारा स्वॅम्पर्टला चौपट लागतो. स्टीव्हन हरला म्हणजे फ्रंटियरची तयारी झाली असं मात्र धरू नका. त्या दोन परीक्षा वेगळ्या आहेत.

लेव्हल ५० की ओपन लेव्हल

नवख्यांची सगळ्यात मोठी गफलत इथे होते. फ्रंटियरच्या प्रत्येक इमारतीत दोन दारं असतात. लेव्हल ५० च्या दारातून फक्त ५० किंवा त्याखालचेच पोकेमॉन आत जातात. पुढच्या काही गेममध्ये वरच्या लेव्हलचा पोकेमॉन आपोआप ५० वर आणला जातो, तसं इथे होत नाही. ५१ झाला की दार बंद.

ओपन लेव्हलमध्ये कोणीही जातो, पण समोरचे सगळे तुमच्या टीममधल्या सर्वात वरच्या लेव्हलचे होऊन येतात, आणि ती किमान ६० धरली जाते. "माझो स्वॅम्पर्ट ऐंशीचो आसा, तरी हरलंय कसो?" हा प्रश्न याच नियमातून येतो. स्वॅम्पर्ट ८० चा आणि बाकीचे दोघे ६० चे असतील तर समोर तिघेही ८० चे उभे राहतात. मग तुमचे दोघे फुकट मरतात. ओपनमध्ये जायचंच तर तिघांची लेव्हल सारखी ठेवा.

माझं मत स्पष्ट आहे: नवख्याने लेव्हल ५० घ्यावी. टीम लवकर तयार होते, आणि कथेतली जुनी टीम तशीच जपून ठेवता येते. दोन्ही दारांच्या मालिका वेगळ्या मोजल्या जातात, म्हणून एक निवडा आणि त्यावरच राहा.

बाकीचे नियम थोडक्यात. तीन पोकेमॉन, तिघेही वेगवेगळ्या जातीचे, तिघांकडे वेगवेगळ्या वस्तू. पिशवी बंद. क्योगर, ग्राउडॉन, रेक्वाझा, म्यूटू, म्यू, लुगिया, हो-ओह, सेलेबी, जिराची, डीऑक्सिस यांना प्रवेश नाही. लॅटिऑस आणि लॅटियास या यादीत नाहीत, म्हणून तर टीव्हीसमोर निळा म्हणायचं.

एक टीम, जी कोणाशीही अदलाबदल न करता बनते

लॅटिऑस, मेटाग्रॉस, स्वॅम्पर्ट. गेमची सुरुवात मडकिपने केली असेल तर हे तिघे एकट्या एमराल्डमध्ये मिळतात आणि एकमेकांना झाकतात. मेटाग्रॉसला आग आणि जमीन या दोनच गोष्टी जास्त लागतात. जमिनीचा मारा लॅटिऑसला लागतच नाही, कारण तो तरंगतो, आणि आगीचा अर्धाच लागतो. लॅटिऑसला बर्फ आणि ड्रॅगन जास्त लागतात, ते मेटाग्रॉस अर्ध्यावर आणतो. स्वॅम्पर्टची एकच कमजोरी, गवत. ती बाकी दोघेही अर्ध्यावर घेतात. विजेचा स्वॅम्पर्टवर काही परिणामच होत नाही. बॅटल डोमचा प्रमुख टकर सोन्याच्या लढतीत स्वॅम्पर्ट, मेटाग्रॉस आणि लॅटियास घेऊन येतो. गेम बनवणाऱ्यांनाही ही जुळणी पसंत होती, एवढं त्यावरून कळतं.

मेटाग्रॉससाठी बेल्डम लागतो. चॅम्पियन झाल्यावर मॉसडीपमध्ये स्टीव्हनच्या घरी जा, चिठ्ठीसोबत लेव्हल ५ चा बेल्डम ठेवलेला असतो. तो उचलण्याआधी सेव्ह करा, कारण त्याचं नेचर, म्हणजे एक गुण वाढवणारा आणि एक घटवणारा स्वभाव, तिथेच ठरतं. अटॅक वाढवणारं अॅडमंट हवं. दुसरं निघालं तर ए, बी, स्टार्ट आणि सिलेक्ट एकत्र दाबून गेम पुन्हा सुरू करा आणि परत उचला. २५ नेचर आहेत, वेळ लागेल. पडवीत बसून पावसाचा आवाज ऐकत करायचं हे काम आहे, कंटाळा करू नका.

लेव्हल ५० मध्ये मेटाग्रॉसची एक अडचण आहे. त्याची सगळ्यात नावाजलेली मूव्ह, मीटिअर मॅश, तो ५५ ला शिकतो. पण बेल्डमचं मधलं रूप मेटांग ती ५० ला शिकतो, म्हणून ४५ पासून तो मेटाग्रॉस व्हायला लागला की बी दाबून थांबवा, ५० ला मीटिअर मॅश शिकवा आणि त्याच लढाईनंतर होऊ द्या. तिच्या जोडीला अर्थक्वेक, शॅडो बॉल आणि एक्सप्लोजन द्या. एक्सप्लोजन पॅसिफिडलॉगमध्ये शिकवतात, एकदाच. तो वापरणारा पोकेमॉन स्वतः पडतो, म्हणून मेटाग्रॉस एकटाच उरला असेल तेव्हा तो वापरू नका.

अर्थक्वेकचा टीएम (मूव्ह शिकवणारी, एकदाच वापरता येणारी वस्तू) सीफ्लोर कॅव्हर्नमध्ये एकदाच मिळतो आणि तो मेटाग्रॉसला जायला हवा. मग स्वॅम्पर्टचं काय? त्याचं आधीचं रूप मार्शटॉम्प अर्थक्वेक ४६ ला शिकतो, तर स्वॅम्पर्ट ५२ ला. म्हणून मार्शटॉम्प स्वॅम्पर्ट व्हायला लागला की दरवेळी बी दाबून थांबवा, ४६ ला अर्थक्वेक शिकवा आणि ४७ ला होऊ द्या. ही युक्ती माहीत नसल्यामुळे कितीतरी जण टीएम चुकीच्या पोकेमॉनवर घालवतात.

लॅटिऑस पकडायला मास्टर बॉल वापरा, ज्याने टीम अॅक्वाच्या अड्ड्यातून तो उचललेला असेल त्याने. एकदा समोर आला की पोकेडेक्समध्ये तो कुठे फिरतोय ते दिसतं. तो लेव्हल ४० चा असतो, म्हणजे ५० पर्यंत घडवायला जागा उरते. त्याला सायकिक, ड्रॅगन क्लॉ, थंडरबोल्ट आणि ४५ ला येणारा रिकव्हर पुरेसे आहेत. त्याचं नेचर स्पेशल अटॅक किंवा स्पीड कमी करणारं नसेल तर घेऊन टाका.

एक गोष्ट नव्या पोकेमॉन गेममधून आलेल्यांनी विसरू नये. एमराल्डमध्ये मूव्ह अटॅकवर चालते की स्पेशल अटॅकवर, हे तिच्या टाइपवर ठरतं. आग, पाणी, गवत, वीज, बर्फ, सायकिक, ड्रॅगन आणि डार्क हे स्पेशल, बाकी सगळे अटॅकचे. म्हणून शॅडो बॉल मेटाग्रॉसला शोभतो आणि स्वॅम्पर्टचा सर्फ त्याच्या स्पेशल अटॅकवर चालतो.

नेचर आणि इव्ही: इथे खरा निकाल लागतो

या भागाला मी सगळ्यात जास्त जागा देतोय, कारण इथे जे करतात ते जिंकतात.

प्रत्येक पोकेमॉन हरवला की तुमच्या पोकेमॉनला न दिसणारे गुण मिळतात, त्यांना इव्ही म्हणतात. एका पोकेमॉनला एकूण ५१० मिळू शकतात. एका बाबीत २५२ च्या पुढे फायदा नाही. फरक किती पडतो ते पाहा. लेव्हल ५० चा, जन्मजात अटॅक सर्वोत्तम असलेला मेटाग्रॉस, पण इव्ही शून्य आणि नेचर साधं, तर त्याचा अटॅक १५५. तोच अॅडमंट नेचरचा आणि अटॅकमध्ये २५२ इव्ही भरलेला असेल तर २०५. तीच लेव्हल, तोच पोकेमॉन, ५० चा फरक. फ्रंटियरमध्ये मालिका जशी वाढते तसे समोरचे पोकेमॉन जन्मजात जास्त चांगले येतात. कथेतली वाटेल त्याला मारत वाढवलेली टीम तिथे कमी पडते ती यामुळे.

काम असं करायचं. पोकेमॉन लेव्हलने लहान असतानाच त्याला प्रोटीन, कार्बोस, कॅल्शियम यांसारखी औषधं द्या. एक औषध १० इव्ही देतं, आणि त्या बाबीत १०० पर्यंतच चालतं. लिलीकोव्हच्या दुकानात एकाची किंमत ९,८०० आहे. पैशांसाठी नॉर्मनला हरवल्यावर आईने दिलेलं अॅम्युलेट कॉइन पहिल्या पोकेमॉनला धरायला देऊन एलिट फोरला पुन्हा हरवत राहा. पुढे फ्रंटियरमध्ये हीच औषधं एकेका बॅटल पॉइंटला मिळतात.

उरलेले १५२ जंगली पोकेमॉन हरवून. रूट १११ वरच्या विनस्ट्रेट कुटुंबाला हरवल्यावर माचो ब्रेस मिळतो, तो धरलेला असला की इव्ही दुप्पट होतात. म्हणजे १ इव्ही देणारे ७६ पोकेमॉन पुरतात. कुठे जायचं ते असं:

स्पीडसाठी रूट १०३ वरची ऑल्टरिंग केव्ह. तिथे झुबॅटशिवाय काहीच निघत नाही, त्यामुळे हिशोब चुकत नाही. झुबॅट लहान लेव्हलचे असतात, म्हणून लॅटिऑसचा अनुभवही फार वाढत नाही. एचपीसाठी रस्टर्फ टनेल, तिथे फक्त व्हिस्मर. स्पेशल अटॅकसाठी राखेने भरलेला रूट ११३, तिथले स्पिंडा आणि स्लग्मा. अधूनमधून स्कार्मोरी निघतो, त्याच्यापासून पळा, तो डिफेन्स देतो. अटॅकसाठी रूट ११९ च्या पाण्यात सुपर रॉड टाकून गरवत बसा, कारव्हान्हा लागतात. गरवण्याची सवय असलेल्या आपल्या पोरांना हे शिकवावं लागत नाही.

मेटाग्रॉसला एचपी आणि अटॅक, लॅटिऑसला स्पेशल अटॅक आणि स्पीड, स्वॅम्पर्टला एचपी आणि अटॅक भरा. कागदावर आकडे लिहीत जा. भरून झाले की नाही हे पाहायला स्लेटपोर्टच्या बाजारातली बाई आहे. ५१० पुरे झाले असतील तर ती एफर्ट रिबन देते. दोन बाबींत २५२ म्हणजे ५०४ होतात. उरलेले ६ कशातही घाला आणि मग तिच्याकडे जा. रिबन मिळाल्यावर पुढच्या लढायांतून इव्ही येत नाहीत, तेव्हा कुठेही लढून लेव्हल ५० पर्यंत न्या. हा क्रम उलटा केलात, आधी ५० ला पोचलात आणि मग इव्हीला लागलात, तर लढता लढता ५१ होतो आणि सगळं वाया जातं.

स्वॅम्पर्ट जुना असेल तर तो लेव्हल ५० च्या वर गेलेला असतो, म्हणून नवा मडकिप हवा. अंड्यासाठी रूट ११७ वरच्या डेकेअरमध्ये स्वॅम्पर्टसोबत डिटो ठेवा. डिटो डेझर्ट अंडरपासमध्ये मिळतो, रूट ११४ वरच्या जीवाश्म जमवणाऱ्याच्या घरातून वाट आहे. एमराल्डमध्ये मादीने किंवा डिटोने एव्हरस्टोन धरला असेल तर पिल्लाला तेच नेचर मिळण्याची शक्यता अर्धी असते. म्हणजे डिटोच ब्रेव्ह, म्हणजे अटॅक वाढवणाऱ्या, नेचरचा हवा. त्यासाठी सिंक्रोनाइझ क्षमतेचा, ब्रेव्ह नेचरचा अॅब्रा किंवा राल्ट्स टीममध्ये पहिला ठेवून डिटो शोधा. निम्म्या वेळा डिटो त्याच नेचरचा येतो. एव्हरस्टोन ग्रॅनाइट केव्हमध्ये लपलेला असतो. अंडं बाळगताना फ्लेम बॉडी किंवा मॅग्मा आर्मर क्षमतेचा स्लग्मा सोबत ठेवला तर पावलं निम्मी लागतात.

हातात काय द्यायचं

लेफ्टओव्हर्स जहाजावरून मिळाले, ते स्वॅम्पर्टला. लॅटिऑसला लम बेरी, कोणताही आजार एकदा बरा करते. मेटाग्रॉसला चॉइस बँड सर्वात चांगला, पण तो फ्रंटियरच्या दुकानात ६४ बॅटल पॉइंटला मिळतो. तोपर्यंत शेल बेल द्या.

शेल बेल मॉसडीपजवळच्या शोल केव्हमध्ये म्हातारा बनवून देतो. चार शोल सॉल्ट आणि चार शोल शेल लागतात. मीठ ओहोटीला मिळतं, शिंपले भरतीला. गेममध्ये भरती सकाळी ९ ते दुपारी ३ आणि रात्री ९ ते ३, उरलेल्या वेळी ओहोटी. आपल्या किनाऱ्यावर भरतीची वेळ रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते, तशी इथे सरकत नाही, वर्षभर हेच वेळापत्रक. घरच्या भरतीचा अंदाज वापरायला जाऊ नका, गेममधलं घड्याळ पाहा.

पहिली इमारत कोणती

टॉवर समोर दिसतो म्हणून सगळे तिकडे धावतात. तिथली प्रमुख अॅनाबेल चांदीसाठी ३५ व्या लढाईला भेटते. सुरुवातीलाच एवढा लांबचा पल्ला नको.

बॅटल पाइकपासून सुरू करा. एका फेरीत १४ खोल्या, दरवेळी तीन दारांतलं एक निवडायचं. एका दाराबद्दल तिथली बाई इशारा देते. आत लढाई असेल, जंगली पोकेमॉन असतील, कोणी टीमला बरं करेल, किंवा कर्लिया नाहीतर डस्कलॉप्स आजार लावेल. खोल्यांमध्ये एचपी आपोआप भरत नाही, म्हणून लॅटिऑसचा रिकव्हर आणि लेफ्टओव्हर्स इथे सोन्याच्या मोलाचे आहेत. इथली प्रमुख ल्युसी २८ व्या खोलीला भेटते, म्हणजे दुसऱ्या फेरीअखेर. चांदीसाठी सर्वात जवळचा पल्ला हाच. तिच्याकडे सेव्हायपर, शकल आणि मिलोटिक असतात. स्टील टाइपच्या मेटाग्रॉसला विष बाधत नाही, त्यामुळे पहिल्या दोघांसमोर तो निर्धास्त उभा राहतो. मिलोटिकवर लॅटिऑसचा थंडरबोल्ट.

नंतर डोम. १६ जणांची स्पर्धा, चार लढाया, आणि प्रत्येक लढाईआधी समोरच्याचे तीन पोकेमॉन दिसतात. तिघांतले दोन तुम्ही निवडायचे. शिकण्यासाठी याच्याइतकी चांगली जागा फ्रंटियरमध्ये दुसरी नाही, कारण इथे घाई नसते, विचार करायला भरपूर वेळ असतो. टकर पाचव्या स्पर्धेच्या अंतिम फेरीत येतो, चांदीसाठी स्वॅम्पर्ट, सॅलमेन्स आणि चॅरिझार्ड घेऊन.

तिसरा पिरॅमिड. सात मजले, अंधार, बरं होणं नाही, आणि पोकेमॉनच्या हातात वस्तू ठेवता येत नाहीत. आत सापडलेलं तेवढं बॅटल बॅगमध्ये भरायचं. ट्रेनरना हरवलं की भोवतीचा उजेड वाढतो. २१ व्या मजल्यानंतर ब्रँडन येतो: रेजिरॉक, रेजिआइस, रेजिस्टील. मेटाग्रॉस आणि स्वॅम्पर्ट दोघांच्या अर्थक्वेकने हे तिघे पडतात.

आता टॉवर. एका फेरीत सात लढाया, पाचव्या फेरीच्या शेवटी अॅनाबेल. अलाकझाम, एन्टेई, स्नॉरलॅक्स. एन्टेई स्वॅम्पर्टचा आहे. स्नॉरलॅक्सला उगाच लांबवू नका, मेटाग्रॉसचा एक्सप्लोजन त्याच्यासाठीच राखून ठेवा.

अरीनामध्ये प्रत्येक जोडीला तीनच फेऱ्या, बदल नाही. तिसरी संपली तरी दोघे उभे असतील तर पंच गुण देतात: किती आक्रमण केलं, ते किती लागलं, एचपी किती उरली. बचावात वेळ घालवणारा इथे हरतो. ग्रेटा २८ व्या लढाईला भेटते, तिच्याकडे हेराक्रॉस, अम्ब्रिऑन आणि शेडिंजा असतात. शेडिंजाला फक्त जास्त लागणारेच मारे लागतात, आणि शॅडो बॉल त्यातला एक.

पॅलेसमध्ये तुम्ही हुकूम देत नाही. पोकेमॉन आपल्या नेचरप्रमाणे आक्रमण, बचाव किंवा इतर मूव्ह स्वतः निवडतो, आणि एचपी अर्ध्याखाली गेली की त्याची आवड बदलते. निवडलेल्या प्रकारची मूव्हच नसेल तर तो अनेकदा नुसता उभा राहतो. म्हणून चारही मारे आक्रमणाचे देऊन जाऊ नका. स्पेन्सर २१ व्या लढाईला.

फॅक्टरीत स्वतःची टीम नेताच येत नाही. सहा भाड्याच्या पोकेमॉनमधून तीन घ्यायचे, आणि प्रत्येक विजयानंतर हरलेल्याचा एक बदलून घेता येतो. नाव पाहून निवडू नका, चार मूव्ह उघडून पाहा. नोलंडही २१ व्या लढाईला. ही इमारत शेवटी ठेवा, कारण तोपर्यंत समोर येणारे पोकेमॉन तुम्हाला तोंडपाठ झालेले असतात.

सोन्याकडे जाताना

सातही चांदीची सिंबल झाली की स्कॉट त्याच्या घरी लॅन्सॅट बेरी देतो, सोन्याची सातही झाली की स्टार्फ बेरी. सोन्याचे पल्ले लांब आहेत: पाइक १४० खोल्या, पिरॅमिड ७० मजले, टॉवर ७० लढाया, अरीना ५६, पॅलेस आणि फॅक्टरी ४२, डोम दहावी स्पर्धा. टीमही बदलावी लागते. सोन्याला ब्रँडन आर्टिकुनो, झॅपडॉस आणि मोल्ट्रेस आणतो. तिघेही उडणारे, अर्थक्वेक एकालाही लागत नाही. त्यासाठी फ्रंटियरमधल्या शिक्षिकेकडून ४८ बॅटल पॉइंट देऊन स्वॅम्पर्टला रॉक स्लाइड शिकवा.

सोन्याआधी टीम वाढवायची सर्वात चांगली वेळ म्हणजे गणपती. चाकरमानी भावंडं गावी येतात, कोणाकडे तरी फायररेड असतो. एमराल्डमध्ये न मिळणारे स्नॉरलॅक्स आणि गेंगार तिथून घेता येतात. फायररेडची सुरुवात ज्याने चारमँडरने केली असेल, त्याच्याकडे सुइकून फिरतो. टॉवरसाठी तो मागून घ्या. मात्र फायररेडवाल्याने सेव्ही बेटांवर रुबी आणि सफायर ही रत्नं शोधून नेटवर्क मशीन पुरं केलेलं असायला हवं, नाहीतर अदलाबदल होत नाही. हे त्याला आरास करायच्या आधीच, फोनवर सांगून ठेवा. गेम बॉय अॅडव्हान्सची लिंक केबलही आणायला सांगा. डीएस आणि डीएस लाइटवर कार्ट्रिज चालते, पण तिथे केबल लावायला जागा नाही, म्हणून दोन्हीकडे गेम बॉय अॅडव्हान्स किंवा एसपीच लागतो.